श्रीमंताची माफी आणि न्यायाचा तराजू



एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. उत्तराची घाई करू नका. एका माणसाच्या उद्योगावर लाखो कुटुंबांची रोजीरोटी अवलंबून आहे. त्याने गुन्हा केला आणि तो न्यायालयात सिद्धही झाला. तो तुरुंगात राहिला तर मोठे निर्णय खोळंबतील, देशाच्या व्यापाराला झळ पोहोचेल, असे जाणते लोक सांगतात. अशा माणसाला माफ करावे काय? आणि माफ केलेच, तर किरकोळ चोरीसाठी त्याच तुरुंगात बसलेल्या गरिबाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा रे, तुझी शिक्षा मात्र पूर्ण भोग?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. दक्षिण कोरिया नावाचा देश गेली कित्येक वर्षे त्याच्याशी झगडतो आहे, आणि ज्या घराण्याच्या निमित्ताने तो उभा राहिला, त्या घराण्याच्या कंपनीचा दूरध्वनी कदाचित या क्षणी आपल्या खिशातही असेल. ‘सॅमसंग’ हे नाव आपल्या घराघरांत आहे. त्यामागच्या घराण्याची कहाणी मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ती आपण समजून घेऊ आणि दिव्य कुरआन व प्रेषितवचनांच्या प्रकाशात तिचा विचार करू. कोणा परक्या माणसाची निंदा करणे हा हेतू नाही. दुसऱ्याच्या आरशात आपला चेहरा दिसावा, एवढाच हेतू आहे.

तीन पिढ्यांचे वैभव, तीन पिढ्यांची परीक्षा

ली ब्युंग-चुल यांनी १९३८ साली तेगू शहरात सुकी मासळी, फळे, भाजीपाला यांचा लहानसा व्यापार सुरू केला. त्या दुकानातून पुढे साखर, कापड, विमा, जहाजबांधणी आणि विद्युत उपकरणे यांचे अवाढव्य साम्राज्य उभे राहिले. कोरियात अशा घराणेशाही उद्योगसमूहांना ‘चेबोल’ म्हणतात. १९८७ साली संस्थापकांचे निधन झाले आणि त्यांचे पुत्र ली कुन-ही यांच्याकडे सूत्रे आली. त्यांच्या काळात कंपनी जगातल्या अग्रगण्य उद्योगांत जाऊन बसली. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही.

परंतु याच ली कुन-ही यांना १९९६ साली माजी राष्ट्राध्यक्षांना लाच दिल्याबद्दल दोषी ठरवले गेले. शिक्षा स्थगित झाली आणि १९९७ साली माफी मिळाली. पुढे करचुकवेगिरीच्या प्रकरणात ते पुन्हा दोषी ठरले. याही वेळी शिक्षा स्थगित झाली आणि डिसेंबर २००९ मध्ये पुन्हा माफी मिळाली. कारण असे सांगण्यात आले, की हिवाळी ऑलिंपिक देशात आणण्यासाठी त्यांची गरज आहे. दोन गुन्हे, दोन निकाल, दोन माफ्या. आणि तुरुंगवास एका दिवसाचाही नाही.

२०१४ साली ली कुन-ही हृदयविकाराच्या झटक्याने अंथरुणाला खिळले आणि त्यांचे एकुलते एक पुत्र ली जे-योंग यांच्यावर भार आला. हे १९६८ साली जन्मलेले. सोल राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी पौर्वात्य इतिहासाचा अभ्यास केला होता, जपानात व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले होते. स्वभावाने मितभाषी. वडिलांची गादी आपल्याकडे येणार हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. ती गादी निर्वेध आपल्या हाती कशी यावी, या एका चिंतेतून पुढचे सारे उद्भवले.

भेट की लाच?

२०१६ साली राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे आणि त्यांची मैत्रीण चोई सून-सिल यांचे प्रकरण बाहेर आले. त्या मैत्रिणीच्या संस्थांना आणि तिच्या मुलीच्या अश्वारोहणाला सॅमसंगकडून मोठी रक्कम पुरवली गेली होती. लक्षावधी नागरिक हाती मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांना पद गमवावे लागले. त्याआधीच, १७ फेब्रुवारी २०१७ रोजी, ली जे-योंग यांना अटक झाली होती आणि ऑगस्टमध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

या खटल्यातला एक मुद्दा विशेष चिंतनीय आहे. त्या मुलीला वापरण्यासाठी तीन उंची घोडे देण्यात आले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने असे मानले, की घोड्यांची मालकी दिली गेली नव्हती, केवळ वापर दिला होता. म्हणून घोड्यांची किंमत लाचेत धरली गेली नाही. शिक्षा निम्म्यावर आली, तीही स्थगित झाली आणि ली बाहेर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत फिरवले. घोडे हीच लाच होती असे ठरले. त्यांची किंमत ३४० कोटी वॉन होती.

कागदावर मालकी कोणाची, हे पाहायचे की ती वस्तू कशासाठी दिली गेली, हे पाहायचे? चौदाशे वर्षांपूर्वी मदीनेत हाच प्रश्न उभा राहिला होता. इब्नुल लुतबिया नावाच्या एका व्यक्तीला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जकात गोळा करण्यासाठी पाठवले. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन ढीग केले. एक ढीग सार्वजनिक निधीचा, आणि दुसरा लोकांनी आपल्याला भेट दिला, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवर उभे राहून विचारले, की हा मनुष्य आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्या दारी आल्या असत्या काय?

हा निकष किती साधा आणि किती अचूक आहे पाहा! त्यात मालकीची कागदपत्रे तपासावी लागत नाहीत. पद काढून घ्या आणि मग पाहा, भेट उरते काय? ती मुलगी राष्ट्राध्यक्षांच्या मैत्रिणीची कन्या नसती, तर हे घोडे तिच्या तबेल्यात आले असते काय? याचे उत्तर द्यायला कायदेपंडित लागत नाही.

विवशता आणि स्वार्थ

बचाव पक्षाचे म्हणणे असे होते, की राष्ट्राध्यक्षांनीच मागणी केली होती, मग नकार देण्याची हिंमत कोण करणार? हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये, कारण इस्लामी धर्मशास्त्राने त्याचा गांभीर्याने विचार केलेला आहे. लाच देणारा आणि घेणारा या दोघांचाही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. तरीही अनेक फकीहांनी असा भेद केला आहे, की स्वतःचा न्याय्य हक्क अडवून धरला गेला असेल, जुलूम टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल, तर नाइलाजाने देणाऱ्यावर गुन्हा नाही. पाप घेणाऱ्याच्या माथी जाते. परंतु जे आपले नाही ते मिळवण्यासाठी, किंवा दुसऱ्याचा हक्क डावलण्यासाठी दिले, तर देणारा आणि घेणारा दोघेही अपराधी.

म्हणजे प्रश्न ‘मागितले कोणी?’ इथे संपत नाही. ‘देऊन तुला काय हवे होते?’ हा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०२१ मध्ये फेरसुनावणीनंतर सोलच्या न्यायालयाने नेमके हेच पाहिले. ली यांनी लाच स्वेच्छेने पुरवली आणि उद्योगसमूहाचा वारसा आपल्याकडे सुरळीत यावा यासाठी सत्तेचे साहाय्य मिळावे, अशी अव्यक्त अपेक्षा त्यामागे होती, असा निष्कर्ष निघाला. लाचेची एकूण रक्कम सुमारे ८६० कोटी वॉन ठरली आणि अडीच वर्षांची शिक्षा होऊन ते पुन्हा तुरुंगात गेले.

सूरह अल्-बकराच्या १८८ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना दोन गोष्टींपासून एकाच दमात रोखले आहे. एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाऊ नका, आणि लोकांच्या संपत्तीचा वाटा जाणूनबुजून गिळता यावा म्हणून ती अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवू नका. या दोन आज्ञा एकत्र का आल्या, ते आता ध्यानात यावे. सत्ताधाऱ्याकडे जाणारी थैली भरलेली दिसते खरी, पण ती शेवटी कोणा तिसऱ्याच्याच खिशातून भरलेली असते. तो तिसरा त्या खोलीत हजर नसतो, म्हणून त्याचा आवाज ऐकू येत नाही.

उसामांची (रजि.) शिफारस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १३ ऑगस्ट २०२१ रोजी ली जे-योंग यांना पॅरोलवर सोडण्यात आले आणि पुढल्या वर्षी, १५ ऑगस्ट २०२२ या कोरियाच्या मुक्तिदिनी, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना विशेष माफी दिली. कारण सांगितले गेले ते आर्थिक संकटाचे. पाच वर्षे पद सांभाळण्यावर जी कायदेशीर बंदी होती, तीही त्यामुळे उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अध्यक्ष झाले.

मक्काविजयाच्या वेळची घटना आपण सर्वांनी ऐकली आहे. बनू मखजूम या प्रतिष्ठित घराण्यातील एका स्त्रीवर चोरीचा गुन्हा सिद्ध झाला. कुरैशच्या मंडळींना घराण्याच्या अब्रूची चिंता पडली. त्यांनी प्रेषितांचे (स.) अत्यंत लाडके हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना शिफारशीसाठी पाठवले. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग पालटला. आपण अल्लाहने ठरवलेल्या मर्यादेबाबत शिफारस करीत आहात काय, असे त्यांनी विचारले. मग त्यांनी लोकांना सांगितले, की आधीचे समाज नष्ट झाले ते यामुळेच, की त्यांच्यातला प्रतिष्ठित गुन्हा करी तेव्हा त्याला सोडत आणि दुर्बळ करी तेव्हा त्याला शिक्षा देत. आपल्या प्रिय कन्येचे, हजरत फातिमा (रजि.) यांचे नाव घेऊन त्यांनी ग्वाही दिली, की तिच्या हातून असे घडले असते तरी निर्णय बदलला नसता.

तथापि प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या गुन्ह्यांची शिक्षा कुरआन-हदीसने ठरवून दिली आहे, त्यांना ‘हुदूद’ म्हणतात आणि प्रकरण न्यायाधीशापुढे गेल्यावर तिथे शिफारस चालत नाही. लाच हा गुन्हा त्या वर्गात येत नाही. तो ‘ताजीर’ वर्गात येतो, म्हणजे शिक्षा न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेली असते. अकराव्या शतकातील थोर विद्वान अल्-मावर्दी यांनी राज्यव्यवहारावरील आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे, की ताजीरच्या बाबतीत शासक माफी देऊ शकतो. मग कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जनहिताचा विचार करून माफी दिली, तर त्यात वावगे काय?

याचे उत्तर तीन पायऱ्यांनी दिले पाहिजे.

पहिली पायरी अशी, की शासक स्वतःच्या म्हणजे राज्याच्या हक्कापुरती माफी देऊ शकतो. जिथे माणसाचा हक्क बुडाला आहे, तिथे ज्याचा हक्क बुडाला त्यानेच माफ करायचे असते. शासकाला दुसऱ्याच्या वतीने उदार होता येत नाही.

दुसरी पायरी अशी, की जनहित सर्वांच्या हिताचे असले पाहिजे. कारखाना चालू राहणे हे जनहित आहे, यात शंका नाही. पण कायदा सर्वांना सारखा आहे हा विश्वास टिकणे, हे त्याहून मोठे जनहित आहे. कारखाना बंद पडला तर पुन्हा उभारता येतो. विश्वास एकदा मोडला, की तो उभारायला पिढ्या लागतात. हजरत उमर (रजि.) यांनी न्यायाधीश हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना लिहिलेल्या पत्रात ताकीद दिली होती, की आपल्या नजरेत आणि बैठकीतसुद्धा लोकांना समान वागवा, अन्यथा बलवानाला पक्षपाताची आशा वाटेल आणि दुर्बळ न्यायाविषयी निराश होईल. शिक्षेत राहोच, नजरेतही भेद नको!

तिसरी पायरी इतिहासाची आहे. पित्याला दोनदा माफी मिळाली, त्यातून पुत्र काय शिकला असेल? माफीने माणूस सुधारतो, हे खरे. पण तीच माफी घराण्याचा रिवाज बनली, तर ती दया राहत नाही. तो खर्चाच्या वहीतला एक रकाना होऊन बसतो.

मखजूमी स्त्रीच्या घटनेचा शेवट मात्र आपण सहसा सांगत नाही. हजरत आयशा (रजि.) सांगतात, की त्या स्त्रीने पुढे उत्तम तौबा केली, तिचा विवाह झाला, ती आमच्याकडे येत असे आणि तिच्या गरजा मी प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचवीत असे. म्हणजे दयेचे दार तिच्यासाठी शेवटपर्यंत उघडेच होते. फरक इतकाच, की ती दया न्यायाच्या मागून आली. तिने न्यायाची जागा बळकावली नाही.

निर्दोष सुटलेल्याविषयी

इथे श्रीमंताच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर आपणच तराजू एका अंगाला कलता धरल्यासारखे होईल. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत अल्लाहने न्यायावर खंबीर राहण्याचा आदेश दिला आहे; साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध जात असली तरीही. आणि तिथेच सांगितले आहे, की समोरचा श्रीमंत असो वा गरीब, दोघांचाही अधिक हितचिंतक अल्लाह आहे. गरिबाविषयीच्या करुणेपोटी श्रीमंतावर अन्याय करण्याची मुभा या आयतीत नाही.

ली जे-योंग यांच्यावर दुसरा खटला होता तो २०१५ सालच्या विलीनीकरणाचा. समूहातील दोन कंपन्या एकत्र करण्यात आल्या. एकीत ली यांचा सुमारे २३ टक्के वाटा होता, दुसरीत काहीच नव्हता. मात्र दुसरीकडे मुख्य कंपनीचे मोलाचे समभाग होते. विलीनीकरणाचे प्रमाण दुसरीच्या भागधारकांना तोट्याचे होते, असा आक्षेप होता. देशाच्या निवृत्तिवेतन निधीनेही, म्हणजे सामान्य कष्टकऱ्यांच्या म्हातारपणाच्या पुंजीने, बाजूने मत दिले. आणि त्यासाठी दबाव आणल्याबद्दल तत्कालीन मंत्र्याला पुढे शिक्षाही झाली. स्वतः ली यांना मात्र फसवणुकीच्या आणि हिशेबातील लबाडीच्या आरोपांतून फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्दोष सोडण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपिलातही तोच निकाल आला आणि १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

अशा वेळी आपल्या जिभेला लगाम हवा. पहिल्या प्रकरणात दोष सिद्ध झाला म्हणून दुसऱ्यातही तो दोषीच असणार, असे म्हणणे म्हणजे सूरह अल्-हुजुरातमध्ये ज्यापासून रोखले आहे, तो कुतर्कच होय. पुरावा नसेल तर श्रीमंतही निर्दोष आहे.

मात्र निर्दोष ठरलेल्या प्रत्येकाने, मग तो कोरियाचा असो वा कोकणातला, आणखी एक प्रेषितवचन उराशी बाळगावे. प्रेषितांनी (स.) सांगितले, की मीही मनुष्यच आहे. आपल्यापैकी एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडतो आणि मी जे ऐकतो त्यावरून निर्णय देतो. त्यातून कोणाला आपल्या भावाचा हक्क मिळाला, तर तो त्याने घेऊ नये, कारण मी त्याला अग्नीचा तुकडाच तोडून देत असतो. या वचनाने दोन न्यायालयांतील अंतर स्पष्ट होते. इथला निकाल पुराव्यावर लागतो. तिथला निकाल सत्यावर लागेल, आणि तिथे वकिलांची फौज सोबत नसेल.

वारसा: नेमके काय सोडायचे?

या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी काय होते? माझे ते माझ्या मुलाकडे अखंड राहावे, ही बापाची इच्छा. ही इच्छा आपल्यालाही अनोळखी नाही. इस्लामने तिचा तिरस्कार केलेला नाही. वारसांना लोकांपुढे हात पसरण्याच्या स्थितीत सोडण्यापेक्षा संपन्न सोडणे बरे, असे प्रेषितांनी (स.) हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना सांगितले होते. पण अल्लाहने संपत्तीचे वाटे ठरवून दिले. पत्नी, कन्या, माता यांचे हिस्से निश्चित केले. आणि सूरह अल्-हश्रमध्ये कारणही सांगून ठेवले, की धन केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये.

ली कुन-ही २०२० साली वारले. त्यांच्या कुटुंबाने १२ लाख कोटी वॉनहून अधिक वारसाकर भरण्याचे जाहीर केले, सुमारे २३ हजार कलावस्तू राष्ट्राला दिल्या आणि रुग्णसेवेसाठीही मोठी देणगी दिली. त्याआधी मे २०२० मध्ये ली जे-योंग यांनी जाहीर क्षमा मागून, आपण कंपनीची सूत्रे आपल्या मुलांकडे देणार नाही, असे सांगितले होते. चांगल्याला चांगले म्हणावे. पण ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप झाला, तुरुंग पाहावा लागला, ती गोष्ट पुढच्या पिढीला द्यायचीच नाही, असे त्याच माणसाला जगासमोर उभे राहून म्हणावे लागले, यातच विचारवंतांसाठी मोठा बोध आहे.

सूरह अल्-कहफमध्ये दोन अनाथ मुलांची हकीकत आहे. त्यांचा खजिना एका पडक्या भिंतीखाली होता आणि अल्लाहने ती भिंत सावरून धरवली. कारण दिले आहे ते एकच, की त्यांचा पिता सदाचारी होता. त्या पित्याने कोणा राजाच्या आप्ताला घोडे दिले नव्हते. त्याने आपली नेकी मागे ठेवली आणि तीच पहारेकरी झाली.

आपल्या दारातला तराजू

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोडे कोट्यधीश असतील. पण तराजू तर प्रत्येकाच्या घरी आहे. जमातीत एखाद्या सधन माणसाने भावाचा वाटा दाबला, की पंच त्याच्याशी हळू आवाजात बोलतात. मशिदीच्या बांधकामात त्याचा हातभार असतो ना! आणि रिक्षा चालवणाऱ्याने उधारी थकवली, की त्याच पंचांचा आवाज चढतो. बहिणीचा शरिअतप्रमाणे असलेला हिस्सा ‘तिने राजीखुशीने सोडला’ असे म्हणून सही घेतली जाते. बिल मंजूर व्हावे म्हणून साहेबांच्या मुलीच्या लग्नात जाड पाकीट दिले जाते आणि मनाला समजावले जाते, की हा तर आहेर आहे. या प्रत्येक ठिकाणी एक उसामा शिफारशीसाठी उभा असतो, आणि पुष्कळदा तो उसामा आपणच असतो.

तेव्हा शिफारस करण्याआधी स्वतःला विचारा, की हा माणूस गरीब असता तर मी यासाठी उठून आलो असतो काय? आणि भेट देण्याआधी विचारा, की समोरचा आपल्या आई-वडिलांच्या घरी बसलेला असता, तर मी ही भेट घेऊन तिथे गेलो असतो काय? या दोन प्रश्नांची खरी उत्तरे आपण देऊ लागलो, तर अनेक घरांतील अनेक वाद कोर्टाची पायरी न चढताच मिटतील.

हे अल्लाह! आम्हाला न्यायाने वागण्याची सद्बुद्धी दे, विशेषतः तेव्हा, जेव्हा न्याय आमच्या आप्तांच्या वा आमच्या विरोधात जात असेल. आमच्या मुलांसाठी हलाल मागे ठेवण्याचे सामर्थ्य दे आणि ज्या दिवशी कोणाचीही शिफारस तुझ्या अनुमतीविना चालणार नाही, त्या दिवशी आमच्या पारड्यात कोणाचा बुडवलेला हक्क नसावा, असे कर. आमीन.